देवांची पाठवणी

“आजी, हा दोरा कशाला?” बँडमध्ये गाणाऱ्या मृणालने विचारलं.

“गाठी मारायला,” आई म्हणाल्या आणि माइकच्या स्टँडला दोऱ्याचं टोक बांधून मोकळ्या झाल्या. वर मलाच हुकूम सोडला, “दक्षता, पिशवीतनं तांदूल काड. न् त्या पोराला बोल, पंखा बंद कर.”

पंखा कुठला, एसी होता. डोंबिवलीतल्या एका फ्लॅटची बेडरूम. भिंतींना काळा फोम चिकटवलेला, खिडकी बुजवलेली. त्याला स्टुडिओ म्हणायचं. आईंनी चपला बाहेर काढल्या, गालिच्यावर मांडी घातली आणि काचेपलीकडे बसलेल्या रेकॉर्डिंगवाल्या नयनची पंचाईत केली. त्याचा माइक उभ्या माणसाच्या उंचीचा होता. बिचारा आत आला आणि स्टँड पार जमिनीपर्यंत उतरवून गेला.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, दगडाबाई. कळव्यात आमचं जुनं गाव आहे. चारी बाजूंनी टॉवर उभे राहिले, मधे आमची घरं तेवढी खाली राहिली. त्या गावच्या आई धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या आधी धवलारीण लागते. ती मांडवात बसून धवले गाते आणि गाण्यातून देवांना बोलावते. गावदेवी, खंडोबा, एकवीरा, खाडीतली देवी, घरातली गेलेली माणसं, सगळ्यांना नाव घेऊन. एक नाव घेतलं की खांबाला बांधलेल्या दोऱ्याला एक गाठ. लग्न लागलं, मांडव उतरायला आला, की उलटं काम. एकेकाला गाऊन निरोप द्यायचा आणि एकेक गाठ सोडायची. ही देवांची पाठवणी. तोवर नवरी सासरी गेलेली असते, डेकोरेशनवाले खुर्च्या ओढत असतात आणि आम्ही बायका भांडी मोजत असतो. पाठवणी ऐकायला कोणी थांबत नाही. आई एकट्याच गात बसतात.

हे काम आईंकडे त्यांच्या सासूकडून आलं. माझ्याकडे यायचं ते आलं नाही. मी आंबिवलीची, बारावी कॉमर्स, नौपाड्यात दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनला. लग्न ठरतानाच मी साईनाथला सांगून टाकलेलं, तुझी आई देवमाणूस आहे, पण मी मांडवात बसून गाणारबिणार नाही. माझा आवाज म्हणजे फाटका पत्रा. आईंनी कधी आग्रह केला नाही. “तिला सकालची ड्युटी हाय,” असं लोकांना सांगायच्या.

आणि हे स्टुडिओचं खूळ काढलं माझ्या दिराने, भावेशने. शेंडेफळ. दिवसा एका कुरियर कंपनीत, उरलेला वेळ इलेक्ट्रिक गिटार. त्याचा बँड आहे, ‘खारफुटी’ नावाचा. मृणाल गाते, बाकीचे वाजवतात. एकदा मी भाकऱ्या थापत होते, तर हा मोबाईल घेऊन स्वयंपाकघरात आला.

“आई, हे ऐक. सुदानमध्ये लाल समुद्राच्या काठी बेजा म्हणून लोक आहेत. त्यांचं जुनं म्युझिक तिकडच्या एका बँडने इलेक्ट्रिक गिटारवर घेतलंय. काय वाजवतात बघ ना!”

शब्द नव्हते, नुसती गिटार. उंटाच्या चालीसारखं काहीतरी डोलत जात होतं. आई तांदूळ निवडायच्या थांबल्या. शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, “यो कोनालातरी बोलवतंय.”

“असेल.”

“मंग पाठवला कं त्यांनी?”

“कोणाला?”

“ज्याला बोलवला त्याला.”

भावेश खो खो हसला. “अगं आई, म्युझिक आहे ते! त्यांनी त्यांचं केलं, आपण आपलं करू. तुझे धवले, माझी गिटार. बोल, येतेस?”

धाकट्याने मागितलं आणि आईंनी नाही म्हटलं, असं आमच्या घरात झालेलं नाही.

तर त्या स्टुडिओत आई गायला लागल्या.

*येस गो गावदेवी, मांडवाचे दारी,*
*पाय तुजे धुवायला पान्याची झारी.*

मी हे इतकी वर्षं ऐकत आले, पण नेहमी ढोल, पोरांचा कालवा, मिक्सरची घरघर यांच्यात. त्या बंद खोलीत आईंचा आवाज एकटाच आला तेव्हा मला भरून आलं, उगाच कशाला खोटं बोलू. मृणाल तर डोळे पुसत होती. आई डोळे मिटून गात होत्या, बोटं दोऱ्यावर. एक देव, एक गाठ. शेवटी सासऱ्यांचं नाव आलं तेव्हा आवाज जरा खाली गेला, गाठ पडली आणि त्या थांबल्या.

काचेमागून नयनने अंगठा वर केला. “आजी, एक नंबर! झालं.”

“नाय झाला. अर्दा झाला. आता पाठवनी.”

भावेशने घड्याळ बघितलं. बाहेर पॅसेजमध्ये पुढची मंडळी कीबोर्ड घेऊन उभी होती. “आई, आपला टाइम संपला गं. पुढच्या रविवारी पाठवणी घेऊ. शप्पथ.”

“असा अर्ध्यावर नाय उठायचा, बाला.”

“फक्त रविवारपर्यंत. देव काय रागावणारेत का?”

आई दोरा सोडवायला गेल्या. पण गाठी न गाता सोडायच्या नाहीत, म्हणून सगळा दोरा तसाच स्टँडवरून काढायला बघत होत्या आणि तो निघेना. नयन आला. पोरगा चांगला आहे, त्याला वाटलं म्हातारीला जमत नाही. “थांबा आजी,” म्हणाला आणि खिशातल्या कटरने सटासट कापून दोरा मोकळा केला. गालिच्यावर तुकडे पडले. आईंनी ओणव्या होऊन एकेक तुकडा वेचला आणि कनवटीची मिश्रीची डबी काढून तिच्यात ठेवला. रिक्षात बसल्यावर एवढंच म्हणाल्या, “रविवारी डबी आठवनीनं घे.”

तो रविवार आलाच नाही. आधी ड्रमरला ताप, मग स्टुडिओ मिळेना, मग भावेशची सुट्टी रद्द. आणि तेवढ्यात ‘येस गो’ नावाने गाणं बाहेर पडलंसुद्धा.

मग जे झालं ते विचारू नका. बाई गं! लग्नसराईचे दिवस. हळदीला येस गो, वरातीला येस गो, बारशाला येस गो. आंबिवलीहून माझ्या भावाचा फोन, “ताई, तुझ्या सासूला आमच्या इथे डीजेवर लावलंय!” टॉवरमधल्या बायका, ज्या आमच्या गल्लीत नाक धरून यायच्या, त्या आईंच्या शेजारी उभ्या राहून फोटो काढायला लागल्या. आई खूश होत्या. लुगडं नीट करून फोटोला उभ्या राहायच्या. भावेशचं नाव झालं म्हणून तर देवीला पेढे ठेवून आल्या. फक्त एवढंच, की गाणं लागलं की त्या पुढचं ऐकायला कान लावायच्या. मृणालचा आवाज वर चढायचा, गिटार किंचाळायची आणि गाणं खटकन संपायचं. आई माझ्याकडे बघायच्या.

“पाठवनी नाय टाकली अजून.”

“टाकेल हो. त्याला वेळ होऊ दे.”

एके दिवशी समोरची निशावहिनी पत्रिका घेऊन आली. तिच्या सान्वीचं लग्न. आईंनी लगेच विचारलं, “हलद कवा? मना कवा यायचा?”

निशावहिनीने आईंचे हात हातात घेतले. “मावशी, तुम्ही फक्त यायचं. पुढच्या खुर्चीवर बसायचं. डीजेवाला तुमचंच गाणं लावणार आहे. आता या वयात तुम्हाला कशाला त्रास? आवाज तुमचाच हाय ना!”

तिच्या मनात वाईट काही नव्हतं. आईंचा मान राखत होती ती. आईंनी हळदकुंकू लावून पत्रिका घेतली. निशावहिनीच्या स्वतःच्या लग्नाला आईच मांडवात होत्या, आणि सान्वी चालायला लागली तेव्हा तिला पहिली धरली ती आईंनीच.

लग्नात आई पुढच्या खुर्चीवर बसल्या, शाल मिळाली, नारळ मिळाला. स्पीकरमधून आईच गावदेवीला बोलावत होत्या आणि इथे खुर्चीवर हाताची घडी घालून बसलेल्या. दुपारी मंडप उतरायला लागला तशा हळूच खांबापाशी गेल्या. खांबाला दोरा नव्हताच. एका पोऱ्याने “आजी, बाजूला व्हा, लागेल,” म्हणत तो खांबच उचलून नेला.

त्या वर्षी आईंना एकाही लग्नात धवले गायला बोलावणं आलं नाही.

आता दातांचं सांगते. आईंना मिश्रीची जन्माची सवय. त्यात दातांची वाट लागलेली. पुढचे हलत होते, हिरडीतून पू येत होता. मी दातांच्या डॉक्टरकडे नोकरीला आणि माझ्याच सासूच्या तोंडात ही कथा, दिव्याखाली अंधार! ओढून-ताणून एकदा क्लिनिकला आणलं. उत्तरा मॅडमनी तपासलं आणि सांगितलं, “दगडाबाई, हे सगळे काढावे लागतील. उशीर करू नका. हाडापर्यंत गेलंय.”

“काडा. पन पाठवनी झाली की काडा.”

“कोणाची पाठवणी? घरात लग्न आहे का?”

आता मॅडमना काय सांगणार? मी म्हटलं, “आहे एक.”

बाहेर आल्यावर मी आईंवर चिडले. “आई, दुखतंय तुम्हाला. रात्रभर कण्हता. दात काय गाण्यासाठी ठेवायचे?”

“दात गेले का शब्द फुसकं होतान. देवाचा नाव नीट नको घ्यायला? बोलवताना दात होतं, पाठवताना नाय, ह्या बरा दिसतंय कं?”

“मग मी मोबाईलवर घेते. आत्ता घरी गेलं की. तुम्ही गा, मी टाकते सगळीकडे.”

“त्या गान्यात जायल कं ते?”

“नाही. ते वेगळं, हे वेगळं.”

“मंग मांडव एकीकडं न् पाठवनी दुसरीकडं. ज्यांनी बोलावना आयकला त्यांना ते आयकू नाय येनार. ज्या दारानं बोलवला त्याच दारानं पाठवायचा, बाय.”

“आणि नाही पाठवलं तर? काय करतील देव? कोपतील?”

आई कळव्याच्या पुलावर रिक्षातून खाडीकडे बघत होत्या. गाल सुजलेला. “कोपत नाय गो. बसून रातान बिचारं. आपुन पावन्याला सांगावा धाडतो, तो येतो, पाट मांडतो. मंग आपुनच उठून जातो. तो बसलाय तसाच. ना पानी इचारला, ना जा बोलला. सांग, तुज्या आंबिवलीला असा केलान तर तुना कसा वाटंल?”

देवाचं मला फारसं काही वाटत नाही. पण माझ्या माहेरी पाहुण्याला असं बसवून ठेवलं असतं तर माझ्या आईने आम्हाला लाटण्याने हाणलं असतं, हे खरं.

घरी भावेश आल्या आल्या मी त्याला धरला. “अरे शहाण्या, आईने तुझ्यासाठी दात काढायचे अडवून धरलेत. घे ना ती पाठवणी!”

“वहिनी, मला नको आहे का? गाणं आता म्युझिक कंपनीचं आहे. मी त्यांच्याकडे तीनतीनदा गेलो. म्हणतात, स्लो आहे, सॅड आहे, लग्नात कोण लावणार? वेगळं काढलं तरी त्याच नावाने नको.” तो आईंच्या पायाशी बसला. खरंच रडकुंडीला आलेला. “मी सही केली तेव्हा मला कळलं नाही गं आई.”

आईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. “तुज्या हातात नाय ते तू कुठनं देशील?”

मार्ग काढला मृणालने. ठाण्यात मैदानावर मोठा कार्यक्रम होता, ‘खारफुटी’ शेवटी वाजवणार होती. ती म्हणाली, “आजींना स्टेजवर आणू. येस गो झालं की लाइट कमी करायचे, आजी पाठवणी गातील, आम्ही नुसता सूर धरू. हजारो लोक तेच असतील ना, ज्यांनी बोलावणं ऐकलंय! आणि लोक मोबाईलवर घेतातच, जाईल सगळीकडे.”

आईंचा चेहरा असा फुलला, मला वाटलं गालाची सूजच उतरली. त्या आठवड्यात त्या रोज सकाळी लवंग दाताखाली धरून मागच्या ओट्यावर बसायच्या आणि हळू आवाजात गायच्या. मी डबे भरण्याच्या घाईत. दोन ओळी कानावर यायच्या, तेवढ्यात कुकर व्हायचा नाहीतर साईनाथचा मोजा सापडत नसायचा.

कार्यक्रमाला आईंनी नऊवारी हिरवं लुगडं नेसलं, केसात अबोली. डबी कनवटीला. सूर्य मावळत होता, मैदान गच्च भरलेलं. मी स्टेजच्या बाजूला पाण्याची बाटली धरून उभी. ‘येस गो’ सुरू झालं आणि समोरची पोरं अशी काही उसळली की माझ्या पायाखालची फळी हलत होती. गाणं संपलं. मृणालने हात वर केला. “आज आपल्यात स्वतः दगडाआजी आहेत!” शिट्ट्या, आरोळ्या. दिवे मंद झाले. आई माइकपाशी आल्या, चपला काढल्या, डबीतला दोरा काढून तळहातावर घेतला.

*जास गो गावदेवी, आपले तू घरा,*
*सोडलाय गो तुजा बांधलेला दोरा.*

पहिली ओळ नीट गेली. दुसऱ्या ओळीला पुढून कोणीतरी ओरडलं, “येस गो!” त्याच्या मागे दहाजण, मग सगळं मैदान. “येस गो! येस गो!” त्यांना वाटलं गाणं पुन्हा सुरू होतंय. आई डोळे मिटून गातच होत्या, बोटं गाठीवर. मृणाल दोन्ही हातांनी लोकांना थांबवत होती, तर त्यांना वाटलं ती नाचायला सांगते आहे. मागे साउंडच्या टेबलापाशी नयन. त्याला वाटलं, म्हातारी गडबडली, शब्द विसरली. पुन्हा मदतच करायला गेला तो. त्याने मशीनमधून आईंचाच आवाज सोडला, तो स्टुडिओतला, ठणठणीत. *येस गो गावदेवी, मांडवाचे दारी.*

माणसाने काय करावं अशा वेळी? समोर मोठ्या स्पीकरमधून आईच बोलावत होत्या आणि इथे माइकपाशी आईच जा म्हणत होत्या. मोठा आवाज जिंकला. ड्रमरने ठेका धरला. भावेशने आईकडे बघितलं, मग मैदानाकडे बघितलं. त्याचा हात तारांवर तसाच थांबला होता. मग त्याने गिटार छेडली. मी त्याला दोष देत नाही. इतकी माणसं ओरडत असताना कोण थांबू शकतं, मला माहीत नाही.

आईंचे ओठ हलायचे थांबले. दोरा मुठीत घेतला, लोकांना नमस्कार केला आणि अनवाणीच खाली उतरल्या. मी चपला आणायला पुन्हा वर गेले. भावेश नंतर धावत आला, घामाघूम, “आई, सॉरी, पब्लिकच ऐकेना…”

“ऱ्हाऊंदे, बाला. चांगला वाजवलास.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “दात दुखतंय गो. उद्या मॅडमला विचार.”

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत मॅडमनी पुढचे सगळे दात काढले. मी आत गेले नाही, काउंटरवरच बसून राहिले. आई बाहेर आल्या त्या भिंतीला धरून. ओठ बधीर, तोंडात कापसाचे बोळे, हनुवटीला रक्ताचा ओघळ. मॅडमनी बजावलं, “तासभर तोंड उघडायचं नाही, बोलायचं नाही. कापूस दाबून धरा.” आईंनी मान डोलावली आणि माझ्यासमोरच्या बाकड्यावर बसल्या. मी ओल्या रुमालाने हनुवटी पुसली. त्यांनी माझा हात थोपटला, जसं काही मलाच दुखत होतं.

बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला एक गृहस्थ गाल धरून बसले होते, अक्कलदाढेचे पेशंट. त्यांचा फोन वाजला.

*येस गो गावदेवी, मांडवाचे दारी…*

ते चष्मा शोधायला लागले. फोन हाताला लागला, चष्मा लागेना. गाणं वाजत राहिलं. आई एकदम ताठ बसल्या. तोंड उघडणार तेवढ्यात कापूस पुढे आला, रक्त आलं. मी ओरडले, “आई, नको!” त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि माझ्याकडे बघितलं. मांडवात एखादा पाहुणा पानावर ताटकळला असेल आणि आपले हात पिठात असतील, तेव्हा आपण घरातल्या माणसाकडे बघतो ना, तसं.

मी म्हटलं, “मला नाही येत हो.”

आईंनी कनवटीची डबी काढली. झाकण उघडलं आणि डबी काउंटरवर माझ्या अपॉइंटमेंटच्या वहीशेजारी ठेवली. आत ते तुकडे, मिश्रीने काळपट झालेले. एक गाठ त्यांनी नखाने धरली आणि वाट बघत राहिल्या.

गृहस्थांनी चाचपडत फोन कट केला. “सॉरी हां,” म्हणाले. क्लिनिकमध्ये शांत झालं. आतून मॅडमचा नळ वाहत होता. बाकड्यावर एक कॉलेजची मुलगी होती, तिची आई होती. सगळे आमच्याकडेच बघत होते.

“जास गो…” मी सुरू केलं. माझाच आवाज मला ऐकवेना. “जास गो गावदेवी, आपले तू घरा. सोडलाय गो तुजा बांधलेला दोरा.”

आईंच्या नखाखाली गाठ थोडी सैल झाली. त्यांनी मान हलवली. पुढे.

पुढे काय? इतकी वर्षं त्या गात होत्या आणि मी भांडी मोजत होते, डबे भरत होते. तेव्हा मोबाईलवर हट्टाने घेऊन ठेवलं असतं तरी चाललं असतं. मी आठवायचा प्रयत्न केला. काहीतरी वाटेचं होतं, काहीतरी शिदोरीचं. आईंनी बोटांनी हवेत खूण केली, चालल्यासारखी. मग डोक्यावर काहीतरी ठेवल्यासारखी. मला शब्द येईनात. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दातांचं असेल, इंजेक्शन उतरत होतं.

“पुढचं येत नाही, आई.”

त्यांनी गाठ सोडली नाही. तशीच धरून ठेवली.

गृहस्थांचा फोन पुन्हा वाजला. त्यांचा चष्मा अजून सापडला नव्हता.

*येस गो गावदेवी…*

मी खुर्चीवरून उठून उभी राहिले आणि पहिल्या ओळीपासून परत सुरुवात केली.